आउटलुकची कॉन्टॅक्ट लिस्ट दुसऱ्या व्हर्जनला देताना मराठी-कन्नड नावं सांभाळा

बेळगावच्या हेड ऑफिसात आउटलुकचं (मायक्रोसॉफ्टचा ईमेलचा प्रोग्राम) नवं व्हर्जन, खानापूर नाहीतर निपाणीच्या शाखेत जुनं, असं आपल्याकडे सर्रास असतंय, आणि लिस्ट द्यायची म्हटलं की सगळे सीएसव्हीच (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकुराची फाईल) काढतात. नावं इंग्रजीत असतील तर काही बिघडत नाही. पण देवनागरीत किंवा कन्नडात असतील तर जुन्या आउटलुकच्या सीएसव्हीत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात बघा, आणि एकदा ती आली की त्या फाईलमधून नाव परत मिळत नाही, म्हणून मूळ लिस्ट अजिबात डिलीट करू नका!

त्यापेक्षा एक्स्पोर्ट करताना पीएसटी (आउटलुकची स्वतःची डेटा फाईल) निवडा आणि फक्त कॉन्टॅक्ट्सचं फोल्डर घ्या. आउटलुक २००३ पासून ही फाईल युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) असते, त्यामुळं २००३, २०१०, २०१६ सगळीकडं चालते. २००२ किंवा त्याआधीच्यात मात्र उघडत नाही. शिवाय कॉन्टॅक्ट ग्रुप सीएसव्हीत येतच नाहीत, पीएसटीत येतात.

लिस्ट जीमेलला न्यायची असेल तर पीएसटी चालत नाही, सीएसव्ही द्या, ती आधी नोटपॅडमध्ये उघडून नावं नीट दिसतात का बघा आणि सेव्ह ॲजमध्ये यूटीएफ-८ (युनिकोडचाच एक प्रकार) निवडा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, फोन नंबरच्या सुरुवातीचे शून्य उडतात.