लग्नसराईतली घोडी आणि वैशाखातली आंघोळ

एप्रिल सरत आला की अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांना टेकतो आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच भरात असते. शेतीला जोड म्हणून ज्यांनी वरातीची घोडी किंवा टांग्याचा घोडा ठेवला आहे, त्यांनी मृग लागेपर्यंत जनावराच्या अंगाकडे रोज लक्ष द्यावं. घोडा माणसासारखाच घामाने अंग थंड करतो. हा घाम खोगिराखाली आणि तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली, वाळला की मिठाचा थर धरतो. त्यावर पुन्हा खोगीर कसलं की कातडी सोलते. म्हणून काम झालं की साधं पाणी घाला, तेवढं पुरे. शाम्पू महिन्यातून एखाद्या वेळी, तोही सौम्य आणि पाण्यात मिसळून. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड नकोच. कातडीचं तेल जातं आणि खाज सुटते.

आंघोळ सकाळी किंवा दिवस कलल्यावर, सावलीत घाला. जागा मुरमाची हवी. काळ्या मातीचा चिखल होतो आणि गुळगुळीत फरशीवर नाल मारलेला पाय घसरतो. मोटारीचा स्टार्टर, जोड दिलेली वायर आसपास नको. ओल्या जमिनीत करंट उतरला तर चार पायांच्या जनावराला माणसापेक्षा जास्त धोका असतो.

आणि पाइप आधी तपासा. बोअरपासून कोठ्यापर्यंत पसरलेला काळा पाइप दिवसभर उन्हात तापतो. मोटार सुरू केली की पहिलं पाणी हात पोळेल इतकं कढत येतं. ते लिंबाच्या आळ्यात सोडून द्या, मनगटावर धार घेऊन बघा, मगच घोड्याकडे वळा. असं पाणी एकदा अंगावर पडलं की घोडा पुढे पाइप दिसला तरी मागे सरतो, आणि ती भीती मोडायला फार दिवस जातात.

नवख्या किंवा बिचकणाऱ्या घोड्यासाठी पाइपापेक्षा बादली-मग्गा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला खुंट्याला करकचून बांधू नका. एकाने दोर धरावा, पण हाताला गुंडाळू नये. दोर धरणारा आणि पाणी घालणारा, दोघंही एकाच बाजूला उभे राहावेत. घोडा उसळला तर त्याचं तोंड आपल्याकडे वळवता येतं आणि मागचे पाय लांब जातात. पायात चप्पल नको, बूट हवेत. आधी खरारा करून धूळ-केस काढा, तेवढ्यात तो तुमच्या हाताला सरावतो.

पहिलं पाणी पुढच्या खुरावर, बारीक धारेने. तो पाय उचलेल, आपटेल, बाजूला सरकेल. धार तशीच चालू ठेवा, ओरडू नका. ज्या क्षणी तो पाय टेकवून स्थिर होईल, त्याच क्षणी धार काढा आणि मान थोपटा. तो हलत असताना पाणी थांबवलं, तर हललं की पाणी जातं हेच त्याच्या डोक्यात बसतं. मग खुरापासून गुडघा, गुडघ्यापासून खांदा, तिथून पाठ असं वर चढा. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं, मोठा श्वास सोडला की तो निवला. कान मागे चिकटले, शेपटी फटकारू लागली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला की त्या दिवशी तिथेच थांबा; उरलेलं उद्या. पाय धुताना खाली बसू नका, वाकूनच धुवा. शेपटी बाजूला उभं राहून धुवा, कारण अगदी मागे असलेला माणूस घोड्याला दिसत नाही. तोंडावर धार मारू नका, ओल्या फडक्याने पुसा; कानात पाणी जाऊ देऊ नका. फडकं प्रत्येक जनावराचं वेगळं ठेवा. नाकातून चिकट शेंबूड येत असेल, अंगावर गाठी-फोड असतील तर डॉक्टरांना दाखवा, कारण ती ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची लक्षणं असू शकतात आणि तो घोड्यापासून माणसालाही होतो.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो जखडतो, असं गावोगाव सांगतात. ते खरं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी घोड्यांची तयारी सुरू असताना यावर बराच अभ्यास झाला आणि गार पाणी सुरक्षित व उपयोगी ठरलं. वरातीतून धापा टाकत आलेल्या घोडीचं खोगीर उतरवा, साज काढा, आणि मान, छाती, पाठ, मांड्या सगळीकडे सतत पाणी घाला. अंगावर ओलं गोणपाट टाकून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. प्यायलाही पाणी द्या, अडवू नका. घोड्याचं तापमान साधारण 99 ते 101 अंश फॅरेनहाइट असतं. ते 104 च्या वर गेलं, घाम अचानक आटला, पाय लडखडले तर ऊन लागलं आहे. पाणी घालणं चालू ठेवून 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कपाशीच्या फवारणीचा पंप, किंवा औषध कालवलेली बादली कितीही धुतली तरी या कामाला वापरू नका. गोचिडांसाठी गाईम्हशींचं औषध घोड्यावर ओतण्याआधी लेबल वाचा. त्यात अमिट्राझ हे गोचीड मारणारं रसायन असेल तर ते घोड्याला चालत नाही, आतड्यांची हालचाल बंद पडून पोटशूळ उठतो. गोचीड जास्त असतील तर औषध डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आंघोळ झाल्यावर पाणी तळहाताच्या कडेने निपटून काढा आणि घोड्याला मोकळं सोडा. तो लगेच मातीत लोळेल, लोळू द्या. मृगाच्या सरी सुरू झाल्या की आंघोळी कमी करा; दमट हवेत अंग वाळत नाही आणि बुरशी धरते. तेव्हा खुराच्या वरची, टाचेमागची खाच तेवढी रोज कोरड्या फडक्याने पुसा.