वाय-फाय ५४ वरच अडकलंय? आधी सिक्युरिटी बघा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, दगडी. नेट रखडलं की दोष भिंतींना. पण परवा लॅपटॉप राउटरला खेटून ठेवला, तरी वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड (राउटर आणि लॅपटॉप यांच्यातल्या जोडणीचा वेग) ५४ एमबीपीएसच! म्हणजे भिंतीचा काही संबंध नाही.

राउटरची सेटिंग उघडली. सिक्युरिटीत ‘टीकेआयपी’ ही डेटा सांकेतिक करायची जुनी पद्धत निवडलेली. ८०२.११एन या वाय-फायच्या मानकाचे वरचे स्पीड टीकेआयपी किंवा त्याहून जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीवर मिळतच नाहीत. उपकरण जुन्या ५४ वर घसरतं. त्याजागी ‘डब्ल्यूपीए२-एईएस’ ही नवी पद्धत केली, ‘डब्ल्यूएमएम’ (कुठला डेटा आधी पाठवायचा ते ठरवणारी सोय) चालू ठेवलं (ते बंद असलं तरी हीच गत होते), लॅपटॉप पुन्हा जोडला. आकडा थेट १४४! एकच अँटेना असलेल्या स्वस्त मोबाइलवर मात्र ७२ दिसतील, तो बिघाड नव्हे.

जवळ स्पीड चांगला आणि माडीवर पडतो, तरच भिंतीकडे वळा. राउटर लोखंडी कपाटावरून काढून जिन्याच्या तोंडाशी ठेवा. राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालत असेल तर १, ६, ११ यांतलं कमी गर्दीचं चॅनेल घ्या; पेठेत घराला घर लागून, त्यामुळं हे फार महत्त्वाचं. आणि लिंक स्पीडच्या साधारण निम्माच वेग प्रत्यक्ष डाउनलोडला मिळतो, हे धरूनच चाला.