गेमिंग पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं

पीसीच्या कोटेशनमध्ये सगळ्यात मोठी रक्कम ग्राफिक्स कार्डाची असते आणि सगळ्यात अपुरी माहितीही त्याच ओळीत असते. 'आरटीएक्स ५०६० टीआय, ३ वर्षं वॉरंटी' एवढंच लिहून कागद हातात मिळतो. एनव्हिडिया कंपनीचं हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी मेमरी अशा दोन प्रकारांत येतं. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच, पण दोनेक वर्षांनी दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नाशिकमध्ये एमजी रोडला जा, शरणपूर रोडला जा किंवा थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा, हा हिशोब घरी बसून करायचा असतो. दुकानात शिरल्यावर समोर जे शिल्लक असतं त्याचीच तारीफ ऐकू येते.

इथे बजेट धरलंय स्क्रीन वगळून ७० ते ९० हजारांचं. त्यातले साधारण ३५ ते ४० टक्के कार्डावर घालावेत असं माझं मत आहे. त्याहून जास्त घातले की एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि रॅम यांच्यावर काटकसर होते, आणि ती पुढे महागात पडते.

पायरी १: आधी स्क्रीन ठरवा

कार्डाचं नाव शेवटी येऊ द्या. १९२० बाय १०८०च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४०वर सुमारे ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) जवळपास पावणेदोन पट काम. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. कार्डाने १४० काढली तरी उरलेली डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी कार्डातून चार-पाच हजार वाचवून १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला बरा.

मग कोणते गेम खेळणार ते प्रामाणिकपणे लिहून काढा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो. तेवढंच खेळायचं असेल तर साधं ८ जीबी कार्ड पुरतं. सायबरपंक २०७७ सारखे मोठे गेम मात्र कार्डाचा घाम काढतात. काही नव्या गेमना तर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशोब) करणारं हार्डवेअरच लागतं. डिसेंबर २०२४मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५चा डूम: द डार्क एजेस हे दोन्ही तसे. तसं हार्डवेअर नसलेलं जुनं जीटीएक्स १६६० कितीही स्वस्तात मिळालं तरी हे गेम त्यावर खेळता येणार नाहीत.

पायरी २: मेमरी पाहा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. गेममधल्या भिंती, चेहरे, कपडे यांचे तपशील कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत राहतात. ती भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि गरज पडली की मदरबोर्डच्या स्लॉटमधून परत आणावा लागतो. हा रस्ता कार्डाच्या मेमरीपेक्षा कितीतरी मंद. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, पण गाडी वळवताना किंवा नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडकतं. टेक्श्चर उशिरा उमटतात, भिंत थोडा वेळ धूसर राहते. यूट्यूबवरच्या तुलनेत सरासरीचा आकडा पाहून हे कळत नाही. तिथे '१ टक्का लो' (सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा शोधा.

जुनाच बोर्ड ठेवून फक्त कार्ड बदलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं स्लॉटच्या १६ पैकी ८च लेन (माहितीच्या ये-जा करायच्या वाटा) वापरतात. बी४५० सारख्या पीसीआयई ३.० (जुन्या पिढीचा स्लॉट) बोर्डवर त्या ८ लेन निम्म्याहून कमी वेगाने चालतात, आणि ८ जीबी मेमरी भरली की फटका तिथेच बसतो. एएमडी कंपनीचं आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डवर ते जास्त सुरक्षित.

१०८० रिझोल्यूशन, मध्यम ते हाय सेटिंग आणि घट्ट बजेट असेल तर ८ जीबी चालेल. १४४० खेळायचं असेल किंवा कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीच घ्या. मधला पर्याय १२ जीबीचा. इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४चं कार्ड त्यात बसतं. मात्र त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणं गरजेचं आहे, आणि जुन्या, कमकुवत प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं. नव्या बिल्डसाठी चांगलं, जुन्या पीसीसाठी नको.

पायरी ३: ब्रँडचा वाद कामावरून मिटवा

घरातलं मूल इंजिनिअरिंगला असेल, मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट करणार असेल किंवा ब्लेंडर, प्रीमिअर वापरणार असेल, तर एनव्हिडिया घ्या. अशी बरीचशी सॉफ्टवेअर कुडावर (एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणाऱ्या प्रणालीवर) नीट चालतात आणि हा फायदा मोठा आहे. फक्त गेमिंग असेल तर त्याच पैशांत एएमडीचं १६ जीबी कार्ड बहुतेक वेळा जास्त देतं.

डीएलएसएस (एनव्हिडियाचं) आणि एफएसआर (एएमडीचं) ही दोन्ही तंत्रं चित्र लहान आकारात काढून मोठं करतात. उपयुक्त आहेत, जरूर वापरा. एफएसआर ४ हवं असेल तर आरएक्स ९००० मालिका घ्यावी. फ्रेम जनरेशनच्या आकड्यांवर मात्र भाळू नका. त्यात मधल्या फ्रेम तयार करून घातल्या जातात, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ एफपीएसइतकाच राहतो, किंबहुना किंचित मंदावतो. मुळात ५०-६० एफपीएस येत असतील तरच त्यात मजा.

पायरी ४: वीज आणि उष्णता

कार्डांची भूक अशी: आरटीएक्स ५०६० १४५ वॉट, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॉट, ५०६० टीआय १८० वॉट, आर्क बी५८० १९० वॉट. स्लॉटमधून ७५ आणि एका ८ पिन केबलमधून १५० वॉट मिळतात, म्हणून यांतल्या बहुतेक कार्डांना एकच ८ पिन पुरते. एसएमपीएस ५५० ते ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारा एसएमपीएस या कार्डांना अजिबात लावू नका.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जायची आणि व्होल्टेज खाली-वर व्हायचंच. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या अगदी जवळ पोहोचतात, मग लाइट गेल्यावर यूपीएस पीसीसकट बंद पडतो. १००० व्हीएच्या पुढचाच पाहा. सॉकेटचं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच भाड्याच्या खोल्यांत ते नुसतं नावाला असतं.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे जाळीदार पुढची बाजू आणि निदान दोन-तीन पंखे असलेलं कॅबिनेट घ्या. काचेचा बंद दर्शनी भाग शोभेला छान, पण कार्ड आत शिजतं. तीन पंख्यांचं कार्ड ३०० मिलिमीटरच्या आसपास लांब असू शकतं. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात किती लांबीचं कार्ड मावतं ते लिहिलेलं असतं, ते पाहूनच ऑर्डर द्या.

पायरी ५: दुकानात

कोटेशनवर चार गोष्टी लिहून मागा: चिपचं नाव, मेमरी किती जीबी, कार्ड बनवणारी कंपनी आणि नेमकं मॉडेल. दोन-तीन दुकानांचे दर एकाच दिवशी घ्या, कारण हे भाव आठवड्यात हलतात. 'जीएसटी धरून किती?' हे आधीच विचारा, नाहीतर ठरलेल्या रकमेवर १८ टक्के वाढून येतात. पैसे देताना सरळ सांगायचं, 'शेठ, सीरियल नंबर बिलावर टाका.' खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा नंबर तिथेच जुळवून पाहा. बिघाड झाला तर कार्ड कुठे पाठवावं लागेल, नाशिकमध्येच जमा होतं की मुंबई-पुण्याला जातं, आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हेही विचारून ठेवा. ऑनलाइन दोन हजार स्वस्त दिसलं तरी बदलीचा त्रास मोजल्यावर गावातलं दुकान बऱ्याचदा परवडतं.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर

चालू पीसीत लावलेलं कार्ड दाखवायला सांगा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून चिपचं नाव आणि मेमरी पाहा. जुन्या चिपवर खोटी बायोस (इथे कार्डाची ओळख सांगणारं त्याच्यातलंच सॉफ्टवेअर) टाकून नवं नाव दाखवणारी कार्डं बाजारात फिरतात, आणि त्यातली बरीचशी हे सॉफ्टवेअर ओळखतं. मग १५-२० मिनिटं एखादा जड गेम चालवा. तापमान ८५ अंशांच्या पुढे जातंय का, पंखा खरखरतोय का, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का, ते बघा. स्क्रूवरचं सील फाटलेलं असेल तर कार्ड उघडलं गेलंय, त्याचं कारण विचारा. जीटीएक्स १००० मालिका आता टाळावी. तिच्यासाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवलं.

कार्ड लावल्यानंतर

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नको, कार्डाला जोडा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ किंवा १६५ हर्ट्झ स्वतः निवडा, कारण ते बऱ्याचदा ६०वरच राहिलेलं असतं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) आणि रिसाइझेबल बार चालू करा. पहिल्या आठवड्यात रोज तास-दोन तास जड गेम खेळा आणि दुकानाची बदलीची मुदत संपायच्या आत जी काही शंका असेल ती घेऊन पुन्हा दुकानात जा.