बैलाला सुई टोचण्याआधी बाटली वाचा

खांदेसूज, म्हणजे जू घासून खांद्याला येणारी सूज, आली की बैल जू बघूनच मान फिरवतो आणि मालकाचा फोन येतो, "साहेब, दुखण्याची सुई मारून जा." पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीत होतो तेव्हा पेरणीच्या दिवसांत हे रोजचंच होतं. निवृत्त झालो तरी गावातली पोरं विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी हात लावून बघा. ताजी सूज गरम आणि तट्ट लागते. तिच्यावर पहिले दोन दिवस गार पाण्याच्या घड्या ठेवा, शेक नंतर. कातडी फाटलेली नसेल तर मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) आणि ग्लिसरीनचा लेप लावा. आणि जू काढून ठेवा! सुईने दुखणं दबतं, बैल गुमान औताला चालतो आणि चार दिवसांत खांदा पिकतो.

डोस वजनावर ठरतो. काटा नसला तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की अंदाजे किलो मिळतात. घेर 66 आणि लांबी 54 असेल तर बैल साधारण 356 किलोचा. हा आकडा डॉक्टरांना सांगा, डोस त्यांनाच ठरवू द्या. जनावर पाणी पितंय का, लघवी करतंय का, हेही सांगा; अंगातलं पाणी आटलेलं असताना ही दुखण्याची औषधं मूत्रपिंडावर येतात. गाय गाभण असेल तर ते न विचारता सांगा, कारण शेवटच्या महिन्यांत डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने ती गाभडू शकते. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकदम तर नकोच.

आता बाटली. कंपनीचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, ते वाचा. मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अॅसिड असेल तर ठीक. डायक्लोफेनॅक असेल तर परत करा. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद झालं. मग लोक माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरू लागले, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका डोसपुरतं केलं. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसेक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाले, नंतर निमेसुलाइड. दुकानात "जुना माल आहे, स्वस्तात न्या" म्हणणारा भेटतो. त्याच्याकडून फुकटही घेऊ नका.

दुभती गाय असेल तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, ते लेबलवर बघा. कासदाहात, म्हणजे कास सुजली असताना, सुई दिली तरी सड रिकामे करायचं काम चुकत नाही.

घोड्याला बैलाची बाटली लावू नका. फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक घोड्याला चालतं, पण जास्त झालं की तोंडात, जठरात व्रण पडतात. फ्लुनिक्सिन हे दुसरं वेदनाशामक त्याच्या मांसात टोचलं तर स्नायू सडण्याचा धोका असतो, ते शिरेतूनच आणि डॉक्टरांच्याच हातून. घोडा लोळतोय, पोटाकडे वळून बघतोय, तर डॉक्टर येईपर्यंत वेदनाशामक देऊ नका. दुखणं झाकलं गेलं तर आतड्याला पीळ पडलाय का, ते ओळखणं अवघड होतं. तोवर वैरण काढून घ्या आणि त्याला सावकाश फिरवा.

उपचार चालू असताना जनावर दगावलंच, तर माळावर टाकू नका. खोल खड्डा घेऊन पुरा. नाशिक जिल्ह्यात हरसूलकडच्या खोरीपाड्यासारख्या ठिकाणी, जिथं गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात, तिथं द्यायचं असेल तर कोणती सुई कधी दिली होती ते वनखात्याच्या माणसाला आधी सांगा.