कुड्यांसाठी चौदा हिरे निवडताना

भाचीच्या लग्नात हिऱ्याच्या कुड्या द्यायच्या ठरल्या, तसा ताईचा फोन आला. मी २६ वर्षं हिरे निवडायचं काम केलंय, मुंबईत आधी ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत आणि हिरेबाजार हलल्यावर बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये. ताई म्हणाली, "तयारच घेऊन टाकू का गं?" मी नको म्हटलं. आधी सुटे हिरे घे, मग सोनाराकडे दे. एकदा हिरा सोन्यात बसला की त्याचं पोट, म्हणजे खालचा निमुळता भाग, दिसत नाही, कडेची चीर हिरा पकडणाऱ्या सोन्याच्या नखीखाली जाते आणि पिवळ्या सोन्याच्या झाकेत रंगही कळत नाही.

एका कुडीत मधे एक आणि भोवती सहा, असे जोडीला १४ हिरे लागतात. मधल्या गोलाभोवती त्याच मापाचे सहा गोल बरोबर चिकटून बसतात, म्हणून तर कुडीचं फूल भरीव दिसतं. एखादा हिरा ०.२ मिलिमीटरने जरी लहान निघाला तरी तिथे फट पडते. त्यामुळे जुळवायचा तो व्यास, नुसतं वजन नव्हे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आईच्या कुड्यांसाठी मी सगळे १० सेंटचे हिरे काट्यावर तोलून निवडले होते. कारागिराने तीन परत पाठवले. वजन बरोबर होतं, पण ते हिरे खोल होते. वजन सगळं पोटात आणि तोंड लहान. आईला मुहूर्तावर कुड्या मिळाल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

१० सेंट म्हणजे ०.१० कॅरेट, म्हणजेच २० मिलिग्रॅम. चांगल्या घाटाचा एवढा गोल हिरा व्यासाला साधारण ३ मिलिमीटर भरतो आणि उंचीला १.८ च्या आसपास. दुकानदाराकडे गेज असतो, तो मागून घ्या आणि प्रत्येक हिरा मोजून घ्या. मी ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पैलूही विचारा: फुल कटला ५७ असतात, सिंगल कटला १७. या मापात फुल कटच घ्या.

मग रंग. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळंच चमकतं, तिथे निर्णय घेऊ नका. पांढरा कोरा कागद दुमडून त्या घडीत चौदाही हिरे पालथे, सपाट बाजू खाली करून ओळीने ठेवा आणि खिडकीपाशी न्या. थेट ऊन नको, नुसता दिवसाचा उजेड पुरे. एखादा पिवळसर किंवा तपकिरी असेल तर ओळीत लगेच वेगळा दिसतो. पिवळ्या सोन्यात बसवायचे असतील तर आय-जे रंगही छान दिसतो (रंगाच्या श्रेणीत 'डी' सगळ्यात पांढरा, पुढची अक्षरं हळूहळू पिवळसर), 'डी'साठी पैसे ओतायची गरज नाही. सगळे एकसारखे हवेत, एवढं मात्र सोडू नका.

शुद्धतेचंही तसंच. ३ मिलिमीटरच्या हिऱ्यात व्हीव्हीएस (अतिशय बारीक डाग) आणि व्हीएस (त्याखालची श्रेणी) यांतला फरक कानातल्यात कुणालाच दिसणार नाही. पण आयग्लासमधून, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून, दोन गोष्टी बघाच: मधोमध काळा ठिपका आणि कडेला चीर. ठिपका डोळ्याला खुपतो. चीर असेल तर नखी दाबताना हिरा तुटू शकतो, तो बाजूला काढा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एवढ्या छोट्या हिऱ्यांना सहसा प्रत्येकी सर्टिफिकेट नसतं, त्यामुळे नैसर्गिक हिऱ्यांत प्रयोगशाळेत बनवलेले मिसळलेले असू शकतात. दुकानातलं पेनासारखं टेस्टर इथे उपयोगाचं नाही, कारण दोन्ही खरे हिरेच आहेत आणि दोघांतूनही उष्णता तशीच वाहते. हिऱ्यांची पुडी, हे दोन्ही वेगळे ओळखणाऱ्या स्क्रीनिंग मशीनवर तपासून द्या म्हणा, आणि बिलावर 'नैसर्गिक' हा शब्द लिहून घ्या. प्रयोगशाळेतला हिरा हवा असेल तर खुशाल घ्या, दिसायला तो देखणाच असतो. पण भाव त्याचाच द्या, आणि पुढे विकून पैसे येतील असं धरू नका.

सोनाराकडे द्याल तेव्हा कुड्यांचं एकूण वजन, निव्वळ सोनं, हिऱ्यांची संख्या आणि कॅरेट हे सगळं बिलावर वेगवेगळं हवं. १४ हिऱ्यांचे १.४० कॅरेट म्हणजे ०.२८ ग्रॅम, तेवढं वजन सोन्यातून वजा झालंय का बघा. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. दागिना दाखवताना "हॉलमार्क आहे ना" असं सांगून हिऱ्याचा प्रश्न उडवून लावणारे मला अनेकदा भेटलेत. तिथे थांबून पुन्हा विचारा.

आणि घ्यायचे १४ नाहीत, १६. ताईला हे आधी पटेना. पण कधी एक हिरा गळाला तर पाच-सहा वर्षांनी त्याच मापाचा, त्याच रंगाचा दुसरा शोधायला मला स्वतःला कित्येक पुड्या उलगडाव्या लागतील. ते दोन जादा हिरे बाजारातल्यासारखे कागदी पुडीत बांधले आणि वरच्या घडीवर पेन्सिलीने व्यास, वजन, रंग आणि शुद्धता लिहून पुडी भाचीच्या हातात दिली. बिल तिच्याच कुड्यांच्या डबीत, घडी करून खाली ठेवलंय.