कळपातलं सांत्वन मोजायचं कसं

दोन चिंपांझींचं भांडण झालं, मार खाल्लेला बाजूला जाऊन बसला आणि भांडणात नसलेल्या तिसऱ्याने येऊन त्याच्या गळ्यात हात टाकला, की बघणारा लगेच म्हणतो, ‘धीर देतोय’. असेलही. पण ते दोघे एरवीही दिवसभर एकमेकांना चिकटूनच असतील, तर या मिठीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून भांडणानंतरच्या प्रत्येक नोंदीला भांडण नसलेल्या वेळची एक जोडनोंद लागते. द वाल आणि योशिहारा या संशोधकांनी १९८३ मध्ये ऱ्हीसस माकडांतला समेट तपासायला ही पद्धत वापरली; सांत्वनालाही तीच चालते.

आधी प्रत्येक प्राणी लांबून ओळखता आला पाहिजे. फाटलेला कान, जुना व्रण, शेपटीचा बाक यांचं ओळखपत्रक करा. व्याख्याही मोजणीआधीच लिहून ठेवा: चावा, फटका, पाठलाग म्हणजे भांडण; नुसतं दात दाखवणं धरायचं की नाही, ते एकदाच ठरवायचं.

भांडण थांबलं की स्टॉपवॉच सुरू करा आणि १० मिनिटं फक्त मार खाल्लेल्याकडे बघा. कोण आलं, कितव्या मिनिटाला, काय केलं, आणि त्याने स्वतःला किती वेळा खाजवलं (माकडांत आणि वानरांत ही ताणाची चांगली खूण आहे) हे टिपा. पहिल्या दोन मिनिटांत पुन्हा जुंपली, तर घड्याळ नव्याने लावा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘पहिलं पाऊल कोणाचं’ या रकान्यात. मार खाल्लेलाच हात पसरून, किंचाळत कोणाकडे गेला आणि मग मिठी मिळाली, तर ती मागून घेतलेली जवळीक. ती वेगळी नोंदवा. तिऱ्हाईत आपणहून आला, तरच ते सांत्वन. डोळा चुकतोच, म्हणून व्हिडिओ घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून, तुमचा निष्कर्ष न सांगता, पुन्हा नोंदवून घ्या.

जोडनोंद दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच प्राण्याची, तितकीच १० मिनिटं. त्याआधी अर्धा तास तरी तो भांडलेला नसावा आणि आसपास साधारण तितकेच सोबती असावेत. खाद्य टाकण्याच्या वेळेची जोडनोंद घेतली, तर सगळेच एकत्र जमलेले असतात आणि हिशेब बिघडतो.

आता जोड्या लावा. स्पर्श फक्त भांडणानंतर झाला किंवा तेव्हा लवकर झाला, तर ‘ओढ’, उलट असेल तर ‘दुरावा’, बाकी तटस्थ. समजा ४० जोड्यांत १८ ओढीच्या, ६ दुराव्याच्या आणि १६ तटस्थ आहेत. १८ वजा ६, भागिले ४०: ३० टक्के. हा आकडा प्रत्येक प्राण्याचा वेगळा काढून मग सरासरी घ्या. नाहीतर सतत मार खाणारा एकच जण सगळा निकाल ठरवतो.

शून्य आलं म्हणून नोंदी फेकू नका. बऱ्याच मकाक माकडांत (ऱ्हीसस ज्या गटातलं, त्या) शोधूनही सांत्वन सापडलेलं नाही. हत्तींत भांडणाची वाट बघण्यापेक्षा घाबरल्याच्या खुणांपासून घड्याळ सुरू केलेलं बरं: कान पुढे, शेपटी ताठ. थायलंडमधल्या २६ हत्तींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोबती येऊन घाबरलेल्याच्या तोंडाशी सोंड नेताना आढळले.

आकडा चांगला आला तरी एक शंका उरतेच. मार खाल्लेला आपला राग दुसऱ्यावर काढतो. तिऱ्हाईत कदाचित स्वतःची कातडी वाचवायला जवळ येत असेल. राग कोणावर निघाला तेही लिहीत गेलात, तर हे तपासता येतं. आणि सांत्वनाने खरंच बरं वाटलं का, हे स्पर्शाआधीच्या आणि नंतरच्या खाजवण्याच्या दरावरून बघा. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींत तो उतरला होता, नेदरलँड्समधल्या अर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींत उतरला नाही. तेव्हा ओढीचा आकडा आणि खाजवण्याचा दर वेगवेगळे मांडा.