पब्लिक पॉलिसीला निघालात? आधी नाडकचेरीत जाऊन या

दरवर्षी मे महिन्यात दोन-चार फोन ठरलेले. "आक्का, पब्लिक पॉलिसीला जायचं म्हणालोय, खरं काय काय लागतंय?" (बेळगावाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. आणि पब्लिक पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरण, सरकारी योजना-नियमांचा पदवीनंतरचा अभ्यास.) मे महिन्यात विचारणाऱ्याला मी एकच सांगते, पुढच्या वर्षी ये. तोवर बहुतेक प्रवेशपरीक्षा होऊन गेलेल्या असतात. म्हणून ही यादी भातलावणीच्या दिवसांत वाचायला घ्या, म्हणजे पुढच्या लावणीला तुम्ही हॉस्टेलात असाल.

पुस्तकं नंतर, आधी नाडकचेरी, म्हणजे दाखले देणारं महसूल खात्याचं ऑफिस. आरडी नंबर असलेला जात-उत्पन्नाचा दाखला बहुतेक घरांत असतो आणि तो सगळीकडे चालतो असा आपला समज असतो. तो राज्याच्या नमुन्यातला असतो. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि केंद्राची ओबीसी यादीही वेगळी आहे. कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत मराठा ३बी गटात येतो. तेवढ्यावर अर्जात ओबीसीसमोर खूण करू नका, केंद्राची यादी उघडून आपल्या जातीचं नाव स्वतः शोधा. तिथं नसाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला निघतो का ते पाहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांहून कमी लागते. खानापूरकडची काही घरं इथंच अडकतात. वडिलांच्या नावावर सहा एकर असतात, त्यातला निम्मा माळ असतो आणि त्यात नाचणीही धड येत नाही. उताऱ्यावर मात्र ती शेतीच. हा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता असतो, त्यामुळे एप्रिल उजाडला की पुन्हा तीच रांग.

मी हे शिकले ते कागद तपासणाऱ्या टेबलासमोर उभी राहून. एका संस्थेत निवड झाली होती, हातात राज्याचा दाखला होता. समोरच्या माणसानं तो उलटून पाहिला, सात दिवसांची मुदत दिली आणि पुढचा नंबर पुकारला. त्या सात दिवसांत आप्पांनी तालुक्याला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला गेले होते, ते संध्याकाळी पाचला आले. दाखला मिळाला, पण त्या आठवड्याचं आप्पांचं वजन कमी झालं ते झालंच.

मग सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीत मांडून बघा. मराठी शाळेच्या रजिस्टरात 'परशराम', एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर 'परशुराम', आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. गावाच्या नावाचं मात्र टेन्शन घेऊ नका. इंग्रजीतलं 'बेलगाम' १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे 'बेळगावी' झालं, त्यामुळे जन्मदाखल्यावर एक आणि मार्क्स कार्डावर दुसरं असणं तुमच्या वयाच्या सगळ्यांचंच आहे.

पहिलीपासूनच्या शाळांची स्टडी सर्टिफिकेटंही गोळा करा. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये (तिथं पब्लिक पॉलिसीही शिकवतात) कर्नाटकात दहा वर्षं शिकलेल्यांसाठी वेगळं आरक्षण आहे. त्या वर्षीच्या सूचनेत ते कोणकोणत्या अभ्यासक्रमांना लागू आहे ते वाचा आणि लागू असेल तर सोडू नका. शिक्षण मराठी शाळेत झालं असलं तरी ती शाळा कर्नाटकात आहे. ज्यांनी मामाकडे राहून गडहिंग्लजला किंवा चंदगडला दोन-तीन वर्षं काढली, त्यांनी वर्षं बोटांवर मोजावीत. आणि सहाव्या सेमिस्टरचा निकाल वेळेत लागेल यावर विसंबू नका. 'निकाल प्रलंबित' असं लिहिलेलं प्राचार्यांचं पत्र सुट्टी लागण्यापूर्वीच घेऊन ठेवा, नंतर कॉलेजात शिपाईसुद्धा भेटत नाही.

आता घरचे. "शिकून काय व्हणार? तहसीलदार?" हा प्रश्न येणारच आणि त्याला इंग्रजी व्याख्या फेकून चालत नाही. मी वि. स. पागे सांगते. सांगली जिल्ह्यातलं तासगाव, तिथलं विसापूर. पागे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात हाताला काम मागणाऱ्याला काम द्यायचं, ही कल्पना त्यांनी १९६९ साली तिथं करून पाहिली. मग प्रश्न सुरू झाले. पैसा कुठून? त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. खोदलेली माती कोण मोजणार, मजुरी किती, बाईला किती, काम किती अंतरावर? १९७७ साली महाराष्ट्रात त्याचा रोजगार हमी कायदा झाला आणि २००५ साली संपूर्ण देशासाठी. हे मधले सगळे प्रश्न म्हणजे आमचा विषय. आप्पांना हे दोन मिनिटांत पटलं, कारण रोजगार हमीवर खडी फोडलेले पाहुणे त्यांना माहीत होते.

संस्थांची यादी लांबवत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या हैदराबाद आवारात सार्वजनिक धोरण आणि प्रशासनाचं एम.ए. आहे, तुळजापूर आवारात ग्रामीण विकासाकडं झुकणारे अभ्यासक्रम आहेत. दोन्हीकडचा रस्ता सीयूईटी-पीजी या देशभराच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून जातो. नॅशनल लॉ स्कूलची स्वतःची परीक्षा असते आणि तिच्यात लिहायचा भाग असतो. आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचं केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागात पब्लिक पॉलिसीचं एम.ए. आहे. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात डेव्हलपमेंटचं एम.ए. आहे आणि घरची परिस्थिती पाहून फीमध्ये मदत मिळते. अर्थशास्त्राची ओढ असेल तर पुण्याची गोखले संस्था, १९३० पासूनची. तीन ठिकाणी अर्ज करा. सात ठिकाणी करणाऱ्याचे सातही अर्ज कच्चे राहतात.

परीक्षेबद्दल थोडंच. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या आसपास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांनी रोज इंग्रजीतून एक संपादकीय वाचून त्याचा सारांश मराठीत पाच ओळींत लिहावा. उलटं करू नका. मराठीत पाच ओळी लिहिता आल्या नाहीत तर इंग्रजी समजलेलंच नसतं. गणिताला घाबरणाऱ्यांनी अकरावीचं एनसीईआरटीचं संख्याशास्त्र पुरं करावं. निदान एवढं तरी कळलं पाहिजे की शाळा सोडणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून १५ वर गेलं तर वाढ ३ टक्के-बिंदूंची आहे आणि तीच वाढ २५ टक्क्यांचीही आहे. मंत्री आणि विरोधी पक्ष यांच्यातलं निम्मं भांडण इथंच असतं.

खरी तयारी यापुढं. ती पुण्या-मुंबईच्या पोरांना करता येत नाही, आपल्याला येते. आपल्या एका अंगणातून दोन सरकारं दिसतात. माझी एक मावशी खानापूर तालुक्यात, दुसरी चंदगडात. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींच्या घरी भात, दोघी देवाला एकाच यात्रेला जातात. खानापूरच्या मावशीला ऑगस्ट २०२३ पासूनच्या गृहलक्ष्मीतून महिन्याला २००० रुपये, चंदगडच्या मावशीला २०२४ मध्ये आलेल्या लाडक्या बहिणीचे १५००. वरवर पाहता पाचशेचा फरक. पण नियम वाचा. गृहलक्ष्मी रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळते, म्हणजे बहुतेक घरांत सासूला. लाडकी बहीण २१ ते ६५ वयाच्या, घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या आणि बाकीच्या अटींत बसणाऱ्या बाईला मिळते, कुटुंबप्रमुख असावं लागत नाही, त्यामुळे ती सुनेलाही मिळू शकते. आता विचारा, पैसा सासूच्या हातात गेला की सुनेच्या, यानं घरात काय बदलतं? पोराच्या शाळेवर खर्च होतो, की भिशीत जातो, की सोनं गहाण सुटतं? विद्यापीठात या पद्धतीला मोठी नावं आहेत. तुम्ही ती पाहुण्यांच्या ओसरीवर बसून सुरू करू शकता.

बसचंही तसंच. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही, महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत निम्मं तिकीट. फुकट आणि अर्धं यांत फरक किती? निपाणीच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या लागतात. एक दिवस डब्बा घेऊन जा आणि कोण कुठल्या गाडीत चढतं ते लिहून काढा. किंवा देवदासी प्रथा घ्या. सौंदत्तीची यल्लम्मा दोन्ही राज्यांतल्या लोकांची. बंदीचा कायदा कर्नाटकात १९८२ चा, महाराष्ट्रात त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. किंवा ऊस. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्र ठरवतं, पण चिकोडी-अथणीचा शेतकरी दर ठरवताना नजर कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यावर ठेवतो. यातला एकच विषय निवडा. पाच निवडणाऱ्याकडं शेवटी वर्तमानपत्राची कात्रणं तेवढी उरतात.

निवडलात की आकडे आणा. जनगणनेचा सी-१६ तक्ता मातृभाषेचा असतो आणि तालुक्यापर्यंत जातो. २०११ नंतरची जनगणना अजून हातात नसल्यामुळं आपल्या भाषेवरची सगळी भांडणं अजून त्याच तक्त्यावर चालतात. शाळांची माहिती यूडायस या सरकारी संकेतस्थळावर, आरोग्याची एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या) जिल्हा पत्रकात. जे तिथं नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस आणि कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. दीडशे शब्दांत नेमकं मागता येणं हा सराव पुढं प्रत्येक असाइनमेंटला कामी येतो. गावच्या शाळेत जाऊन दहा वर्षांची पटसंख्याही उतरवून आणा, हेडमास्तर चहा पाजतील आणि रजिस्टरही देतील.

त्या रजिस्टरात एक अवघड गोष्ट दिसेल. मराठी शाळांचा पट घसरतो त्याला सरकारची उदासीनता आहेच. संविधानाचं ३५०अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं, तरी शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात. पण गावातली इंग्रजी शाळेची पिवळी बस भरून जाते ती कोणाच्या पोरांनी? मराठीसाठीच्या मोर्चात पुढं असणाऱ्यांची नातवंडंही तिच्यात असतात. हे लिहायची हिंमत असेल तर अर्जासोबतचं तुमचं उद्देशपत्र बाकीच्या शंभरांहून वेगळं दिसेल.

उद्देशपत्राबद्दल माझा हट्टच आहे. पहिल्या परिच्छेदात १९५६ चा सीमाप्रश्न नको. आपल्या प्रत्येकाला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते, मलाही वाटली होती. आमच्या एका सरांनी माझ्या पहिल्या मसुद्याचं पहिलं पान फाडून परत दिलं आणि म्हणाले, "हे आपल्या आजोबांचं पत्र झालं, तुझं कुठाय?" दुसऱ्या मसुद्यात मी गावच्या पंचायतीच्या नोटिशीपासून सुरुवात केली. नोटीस कन्नडमध्ये, बाया मराठी वाचणाऱ्या आणि नळपट्टी भरायची तारीख कोणालाच कळलेली नाही. एवढ्यावर मला भाषा, प्रशासन आणि पाणी तिन्ही बोलता आलं.

मुलाखतीत मात्र सीमाप्रश्न विचारतातच, आडनाव आणि जिल्हा पाहिला की विचारतात. तेव्हा चार गोष्टी शांतपणे सांगता याव्यात: १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. समोरचे विचारतील, "तुम्ही निर्णय घ्यायला बसलात तर?" इथं घोषणा दिली की संपलं. निकाल लागेपर्यंत रेशनकार्ड, उतारा, दवाखान्याचा कागद माणसाला वाचता येईल अशा भाषेत कसा द्यायचा, यावर बोला. केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांबद्दलच्या १९५६ च्याच निवेदनात, भागातले पंधरा-वीस टक्के लोक ती भाषा बोलणारे असले की सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असा निकष सांगितलेला आहे, तो माहीत असू द्या. आवाज चढू देऊ नका. माझा चढला होता, आणि पॅनेलवरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला होता.

कन्नडबद्दल काही जणांना राग येईल, तरी लिहिते. वाचायला शिका. बोलता येतंच की आपल्याला बाजारापुरतं, पण सुत्तोले, म्हणजे परिपत्रक, वाचता आलं पाहिजे. आपल्या जिल्ह्याचं बजेट, पंचायतीचे ठराव, पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) सहीचे आदेश सगळं कन्नडमध्ये असतं. ज्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही वाचता येतात त्याला संशोधन प्रकल्पांवर फिल्डचं काम लवकर मिळतं, हे मी स्वतः पाहिलंय. मी कन्नड शिकले ती एमएच्या पहिल्या वर्षात, वर्गातल्या धारवाडच्या मुलीकडून. त्या बदल्यात तिला मोडीची बाराखडी शिकवायचं कबूल केलं होतं, ते अजून राहिलंय.

पैशांचं ठरवताना दोन्ही राज्यांच्या शिष्यवृत्त्या मिळतील असं धरू नका. महाडीबीटीला बहुतेक योजनांत महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं, आपलं कर्नाटकाचं. काही प्रवेशांत 'महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग' अशी वेगळी सवलत असते, माहितीपुस्तिकेत ते शब्द शोधा. कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज आणि बँकेच्या मॅनेजरना निवड होण्यापूर्वीच एकदा भेटून घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत, आणि सगळ्याचे फोटो भावाच्या किंवा बहिणीच्या मोबाइलमध्ये. एखादा कागद घरीच राहतो, तेव्हा पत्र्याची पेटी उघडणारा कोणीतरी हवा. आमच्या पेटीची किल्ली तांदळाच्या डब्यामागं असते. हॉस्टेलच्या खिडकीत उभी राहून, मागं वीस जणांची रांग असताना, हे फोनवर आईला ओरडून सांगावं लागलं होतं.